फाटकातून घेतलेलं माप

समोरच्या इंटरनॅशनल शाळेच्या फाटकावर जी बाई उभी असते तिला सगळे पालक पाठीमागे कुलूप म्हणतात. हे नाव मी ठेवलं. दुसरं कोणी त्याचं श्रेय घेत असेल तर ती थाप आहे. शाळेसमोर, रस्त्याच्या अलीकडे, माझं गणवेश शिवायचं दुकान आहे. दिवसभर माझ्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी असतात, मशीनची सुई आणि ती बाई. त्यांतली सुई बरी. बोटात घुसली तरी निदान मुद्दाम घुसत नाही.

तिच्याविषयी गोड गोड वाचायचं असेल तर ते दुसऱ्या कोणाकडून तरी लिहून घ्या. मी पाहिलं ते सांगते. उंची बेताची, खांदे रुंद, निळं जाकीट बाराही महिने गळ्यापर्यंत बंद. पायात कापडी बूट, कारण गुडघे धरतात. शाळेनं तिला खुर्ची दिली आहे, पण त्या खुर्चीवर तिचा थर्मास बसतो, ती नाही. आवाज इतका बारीक की ऐकायला माणसाला वाकावं लागतं, आणि मला तर वाटतं त्यासाठीच ती तसं बोलते. भल्याभल्या साहेबांना मी तिच्यापुढे वाकलेलं पाहिलंय.

सकाळी फाटक उघडलं की जमिनीवर एक पिवळी रेघ दिसते. पालकांनी त्या रेघेपर्यंतच यायचं. पापे, रडणं, बुटाची नाडी, विसरलेली पाण्याची बाटली, जे काय असेल ते रेघेच्या अलीकडे उरकायचं. एकदा एका उंचापुऱ्या बापानं गप्पांच्या नादात एक पाय पलीकडे टाकला. ही त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. नुसती त्या पायाकडे बघत राहिली. शेवटी त्या माणसानं पाय मागे घेतला आणि वर तिचीच माफी मागितली.

रेघेपलीकडे गेलं की मूल तिचं. टोपी आहे का, डब्यावर नाव आहे का, आतले बूट वेगळे आणलेत का, कपाळ गरम तर नाही ना, सगळं ती बघते. शेंगदाण्यानं काही मुलांना बाधा होते म्हणून शाळेत शेंगदाण्याला बंदी आहे, आणि हिचं नाक असं की बंद डब्यातला शेंगदाणा तिला कळतो. शेंगदाण्याचं बटर लावलेला मुलाचा पाव फुटपाथवर उभ्या उभ्या मुकाट्यानं खाणारी आई मी माझ्या काचेतून पाहिली आहे. वाढदिवसाला खाऊ वाटायचा नाही, शाळेच्या लायब्ररीला एक पुस्तक द्यायचं, हाही नियमच. तरी एक बाप गाडीच्या चाकाएवढा केक घेऊन आला. तो केक शेवटी माझ्या दुकानात आला आणि मी, दोन गिऱ्हाइकं आणि तो बिचारा बाप मिळून आम्ही तो खाल्ला. केक छान होता, हे कबूल.

दर शुक्रवारी शाळा घरोघरी पत्रक पाठवते. त्यात हे सगळं लिहिलेलं असतं. कुठून कुठून आलेली माणसं ते वाचतात, माना डोलावतात आणि प्रत्येकाला मनातून वाटतं की हे इतरांसाठी आहे. मग सकाळी सगळे येऊन हिच्यावर आपटतात. तिच्याकडे हो असतं नाहीतर नाही. आपण लोक दिवसातून दहादा 'बघू' म्हणतो ना, तो शब्द तिला येतच नाही.

आमचं वाजलं ते स्वेटरवरून. एका हंगामात माझ्या नेहमीच्या व्यापाऱ्याकडे लोकर नव्हती, म्हणून दुसऱ्याकडून घेतली. रंग एक केसभर गडद निघाला. मुलांच्या आयांना कळलं नाही, शिक्षकांना कळलं नाही, या बाईला कळलं. दोन मुलांना शेजारी शेजारी उन्हात उभं करून ती बघत राहिली आणि मग ऑफिसात गेली. त्या शुक्रवारच्या पत्रकात आलं, स्वेटर घेताना हिरवा रंग तपासून घ्यावा. दुकानाचं नाव घातलं नव्हतं, पण शाळेसमोर गणवेशाची दुकानं आहेत तरी किती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेव्हापासून मी तिला पाण्यात बघायला लागले आणि तिनंही मला तसं बघायला काही हरकत घेतली नाही.

तरी तिचं जाकीट माझ्याकडेच शिवायला आलं, कारण शाळेचा माल माझ्याकडेच असतो. माप घेताना मी टेप जरा जास्तच आवळली.

"श्वास घेता येईल एवढं ठेवा," ती म्हणाली.

"उभंच तर राहायचंय तुम्हाला. श्वास कशाला लागतो?"

"आतून एक खिसा करा. छातीपाशी. चेनचा."

"कशाला?"

"वस्तू ठेवायला."

एवढंच उत्तर. पण त्या दिवशी, बाही मोजता मोजता, तिच्याबद्दल थोडं कळलं. आधी ती बाळंतपणाच्या हॉस्पिटलात होती. आईच्या मनगटावरची पट्टी आणि बाळाच्या मनगटावरची पट्टी ताडून बघायची आणि मगच बाळ द्यायचं, हे तिचं काम. नवरा कारखान्यात होता, तिथल्या यंत्रांनी त्याचे कान गेले. आता घरी त्याच्याशी ओरडूनच बोलावं लागतं. "आवाज तिकडे लागतो," ती म्हणाली, "म्हणून इकडे जपून वापरते." धोब्याच्या दुकानामागे त्यांच्या दोन खोल्या आहेत. कपडे नेऊन देताना मी एकदा त्या गल्लीतून गेले, तर खरोखरच तिचा आवाज चार घरं पलीकडे ऐकू येत होता. भाजीत मीठ कमी आहे का, एवढंच विचारत होती.

आता मुंगीचं सांगते. मुंगी म्हणजे माझ्या दादाची मुलगी. एका जागी क्षणभर ठरत नाही म्हणून मुंगी. ती याच शाळेत आहे. वहिनी प्रयोगशाळेत नोकरीला, तिला घरी यायला संध्याकाळ होते, म्हणून शाळा सुटली की मुंगीला मी आणायची. मी लग्न केलं नाही, त्याचं मला काही वाटत नाही. पण दुपारी ती पोरगी माझ्या कापायच्या टेबलावर चढून बसायची, केळं खायची, डब्यातली बटणं रंगाप्रमाणे लावायची, माझ्या गळ्यातली टेप काढून स्वतःच्या गळ्यात घालायची आणि वर्गातल्या भानगडी सांगायची. सकाळपासून मी मशीन मारायचे ते त्या दुपारच्या ओढीनं. हे मी कोणापाशी बोलले नव्हते, आता बोलते.

शाळा सुटतानाची पद्धत अशी. वर्गाच्या बाई मुलांना रांगेनं फाटकाशी आणतात. प्रत्येक मूल बाईंशी हात मिळवतं. मग कुलूप मुलाला दोनच प्रश्न विचारते, कोणाबरोबर आणि कुठे. मुलानं उत्तर द्यायचं. मग न्यायला आलेल्या माणसाच्या गळ्यातलं कार्ड ती बघते, त्यावरचा फोटो बघते, माणूस बघते आणि मगच कडी काढते. हे रोज. ओळखीच्या माणसालाही.

"रोज बघता ना मला?" एक बाप एकदा वैतागून म्हणाला.

"काल पाहिलं होतं," ती म्हणाली. "आज आत्ता बघतेय."

कार्डावर नातं लिहिलेलं असतं आणि ती सगळ्यांना त्या नात्यानंच हाक मारते. या, आजोबा. थांबा, मामी. मला ती आत्या म्हणायची. माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठी असेल, पण भर फुटपाथवर, चारचौघांत, "चला, आत्या, पुढे या." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मुंगी मात्र रोज खणखणीत आवाजात सांगायची, "आत्याबरोबर. दुकानात." कुलूप मान वर करून समोर दुकानाकडे बघायची, अर्धं शटर वर, आत दिवा, आणि मग कडी काढायची.

पुढे दादाचं आणि वहिनीचं फाटलं. कोणाचं चुकलं हे मला विचारू नका. मी दादाची बहीण आहे, त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं आहे. मुंगी वहिनीकडे राहिली आणि दादाला रविवार मिळाला. शाळेत तसं कळवलं गेलं आणि दादाचं कार्ड रविवारासारखंच झालं, म्हणजे शाळेत निरुपयोगी. वहिनी माझंही कार्ड काढून घेईल असं मला वाटलं होतं. ती दुकानात आली, उभ्याउभ्याच म्हणाली, "ताई, आपल्यात काय असेल ते असो. मुंगीची दुपार तुमच्याकडेच राहू दे." मी मान हलवली. माझ्या भावाचं घर मोडणारीचे आभार मानायला माझी जीभ वळली नाही.

काही महिन्यांनी दादा दुकानात आला आणि स्टुलावर बसला. दुसऱ्या शहरात त्याला नोकरी लागली होती. रविवारी ये-जा करता येईल इतकं ते जवळ नव्हतं.

"तू फक्त तिला फाटकाबाहेर आण," तो म्हणाला. "पुढचं माझं मी करतो."

"आणि वहिनी?"

"पोचल्यावर फोन करीन. तूही चल बरोबर. तू असलीस की ती रडणार नाही."

"परत कधी आणशील तिला?"

त्यानं माझ्या टाचण्या खोचायच्या गादीतल्या टाचण्या एकेक उपसून पुन्हा खुपसल्या.  त्यातून काय समजायचं ते मला समजलं, समजलं नाही असा आव मी आणणार नाही. पण वडील गेल्यावर रस्ता ओलांडताना माझा हात ज्यानं धरला तो हा माणूस. त्यानं जन्मात कधी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. शिवाय वहिनीचा राग होताच. मी हो म्हटलं.

तो दिवस उजाडला. दादाची गाडी कोपऱ्यावर, झेरॉक्सच्या दुकानापुढे, इंजिन चालू ठेवून उभी. मागच्या सीटवर बॅगा आणि मुंगीसाठी नवा कोट. कोट तिला दोन वर्षांनी झाला असता. माणसाला पोरीचा अंदाज नव्हता. मी त्याला तसं सांगितलंही. तो म्हणाला, "होईल मोठी."

आता इथे जे झालं ते दुकानदार नसलेल्या माणसाच्या हातून झालं नसतं. रोज मी शटर अर्धं ओढून नुसता रस्ता ओलांडायचे. त्या दिवशी मला गाडीत बसून लांब जायचं होतं. आत एका अख्ख्या वर्गाचे खेळाचे कपडे कापून पडलेले, लोकांचे स्कर्ट हँगरला, इस्त्री, मशीन. असं दुकान उघडं टाकून जाणं माझ्या रक्तात नाही. मी इस्त्रीचा प्लग काढला, दिवा मालवला, टेप खुंटीला अडकवली, शटर पार खालपर्यंत ओढलं आणि दोन्ही बाजूंनी कुलपं घातली. मग निश्चिंत मनानं फाटकाशी जाऊन उभी राहिले.

कुलूप माझ्याकडे बघत होती.

"दुकान बंद केलंत, आत्या?"

"बाहेर काम आहे."

"गळ्यात टेप नाही आज."

"टेप घालून गावभर फिरतात का?"

 मुलांची रांग आली. मुंगीनं बाईंशी हात मिळवला आणि उड्या मारत पुढे आली.

"कोणाबरोबर?"

"आत्याबरोबर."

"कुठे?"

"दुका..." मुंगी म्हणाली आणि थांबली. तिनं फाटकातून पलीकडे पाहिलं. तिच्या जन्मात तिनं भर दुपारी ते शटर खाली पाहिलं नव्हतं. "दुकान बंद आहे," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "आत्या, आपण कुठे जायचं?"

थाप मारायची तर हजार होत्या. चेन आणायला, बटणं आणायला, दाताच्या डॉक्टरकडे. आयुष्यभर गिऱ्हाइकांना 'उद्या देते' म्हणणारी मी, मला त्या पोरीच्या तोंडाकडे बघून एकही सुचली नाही.

"बाहेर जायचंय," मी म्हटलं.

"बाहेर कुठे?" कुलूप म्हणाली.

"तुम्हाला काय करायचंय? कार्ड बघा, कडी काढा."

"मूल कुठे चाललंय ते मुलाला माहीत नसेल तर मी सोडत नाही."

एवढ्यात कोपऱ्यावर हॉर्न वाजला. दादाला कधीच धीर नव्हता. मुंगीचा चेहरा उजळला. "बाबांची गाडी," ती म्हणाली.

कुलपानं कोपऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आज रविवार नाही," ती म्हणाली. बस. मुंगीला तिनं आपल्या पाठीमागे घेतलं, वर्गाच्या बाईंना खूण केली आणि त्या मुंगीला आत घेऊन गेल्या. जाताना मुंगी मागे वळून वळून बघत होती. मला वाटतं आपल्या हातून काहीतरी चुकलं असं तिला वाटलं असावं. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. रांगेतले आईबाप, आजोबा, कोण कुठले परदेशी, सगळे थबकून ऐकत होते. मी म्हटलं, रक्ताची आत्या आहे मी तिची. तू कोण? पगारी कुलूप. पाठीमागे म्हणायचं नाव मी तिच्या तोंडावर फेकलं आणि तुम्हीवरून तूवर आले. हॉस्पिटलात दुसऱ्यांची पोरं वाटलीस, इथे दुसऱ्यांची पोरं अडवतेस, असंही काहीबाही बोलले. आणि कडीला हात घातला. तिनं कडीवर आपला हात ठेवला. मी तो ओढून काढायला गेले, माझी नखं तिच्या हातात रुतली. तिनं हात हलवला नाही.

"कुलूप म्हणा," ती म्हणाली. त्याच बारीक आवाजात, मलाही वाकावं लागलं. "पण आईला विचारल्याशिवाय मूल बाहेर येणार नाही."

हॉर्न थांबला होता. मी कोपऱ्यापर्यंत पळत गेले तर झेरॉक्सच्या दुकानापुढची जागा रिकामी. माझ्यासाठीसुद्धा तो थांबला नाही.

नंतर मुख्याध्यापिकेच्या खोलीत मला बसवलं. पाण्याचा ग्लास, मऊ आवाज, कुटुंबांसाठीची धोरणं. वहिनी प्रयोगशाळेतून तशीच आलेली, पांढरा कोट अंगात. ती भांडेल म्हणून मी तयारीत होते. ती भांडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता, ताई."  

दारात कुलूप उभी होती, हाताला पट्टी बांधलेली. तिनं पुढे होऊन दुसरा हात पसरला. मी गळ्यातलं कार्ड काढून दिलं. तिनं ते जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि चेन ओढली. तो खिसा मीच शिवला होता. चेन अडकत नव्हती, काम चोख होतं.

तेव्हापासून शाळा सुटली की मुंगी आतच थांबते, तिथे उशिरा जाणाऱ्या मुलांसाठी खोली आहे. संध्याकाळी वहिनी येऊन नेते. दादा नव्या शहरात गेला. त्याचा फोन आला की तो आधी वहिनीला शिव्या देतो, मग कुलपाला, आणि अलीकडे थोड्या मला. शटर कशाला ओढलंस, म्हणतो. एकाच दिवसात माझा भाऊही गेला आणि दुपारही.

मी मशीन फिरवून पाठ शाळेकडे करून बसायला लागले. पण तसं बसलं की हातावर सावली येते, टाका दिसत नाही. चार दिवसांत मशीन पुन्हा सरळ केलं. सुटायच्या वेळी रांग येते, त्यात मुंगी नसते, आणि कुलूप एकेकाला विचारत असते, कोणाबरोबर, कुठे. माझ्याकडे ती बघतही नव्हती. शाळेच्या कामासाठी बोलावंच लागलं तर बाई म्हणायची. बाई, मोजे आले का. कार्ड नाही म्हणजे नातं नाही.

मीही कमी केलं नाही. तिच्या जाकिटाचं कोपर फाटलं, तेव्हा ऑफिसातून ते माझ्याकडे आलं. मी ते तसंच परत पाठवलं, वेळ नाही म्हणून. अख्खी थंडी ती फाटक्या कोपरानं उभी राहिली. रोज सकाळी ते कोपर बघून मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू.

मग परवा ती दुकानात आली. इतक्या वर्षांत मधल्या वेळी फाटक सोडून ती रस्ता ओलांडून आलेली मी पाहिली नव्हती. दोन्हीकडे बघून, गुडघा सांभाळत आली. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली.

"स्कर्ट आखूड झालाय पोरीचा," ती म्हणाली. "नियमात बसत नाही."

कोणत्या पोरीचा, हे मी विचारलं नाही. "मग तिच्या आईला सांगा."

"सांगितलं. आई म्हणाली, ज्यांनी शिवला त्यांच्याकडूनच उंची सोडून घ्या. पण पोरगी फाटकाबाहेर येणार नाही."

"मी माप घेतल्याशिवाय सुईत दोरा ओवत नाही."

"मधल्या सुट्टीत या. टेप आणा."

आणि गेली. माझ्या हो-नाहीची वाटही पाहिली नाही. मी मनातल्या मनात बोटं मोडली. मग खुंटीवरची टेप काढली, पुन्हा ठेवली, पुन्हा काढली. सुट्टीची घंटा झाली तेव्हा मी फाटकाशी होते. शटर अर्धं ओढलेलं.

फाटकाच्या आत मुंगी, तिच्या खांद्यावर कुलपाचा हात. पोरीचा पुढचा दात पडलेला. मला बघून ती हसली आणि लगेच तिनं वर कुलपाकडे पाहिलं, हसलं तर चालेल ना म्हणून.

"हात आत घालायचा नाही," कुलूप मला म्हणाली.

"मग माप काय डोळ्यांनी घेऊ?"

ती विचारात पडली. मग तिनं गजांतून टेपचं टोक ओढून घेतलं, खाली वाकली, गुडघ्याची कळ तिच्या तोंडावर दिसली, आणि टोक मुंगीच्या कमरेशी धरलं. मी बाहेर फुटपाथवर बसले आणि दुसरीकडून टेप खाली घेतली. असं आम्ही दोघींनी मिळून त्या पोरीचं माप घेतलं.

"सैल धरलंय तुम्ही," मी म्हटलं.

"तुम्ही ओढताय."

"माप मला शिकवू नका."

"आत्याकडे तोंड कर," ती मुंगीला म्हणाली. "सरळ उभी राहा." मग मला, "आवरा, बाई. सुट्टी संपेल."

मुंगी गजांतून मला सांगत होती, दात कसा पडला, बशीत कसा टणकन आवाज झाला, आता तिला वरच्या वर्गाच्या रांगेत उभं करतात. मी टेपवरचा आकडा पाहिला, विसरले, पुन्हा पाहिला. चांगली चार बोटं वाढली होती, आणि मी ती वाढताना पाहिली नव्हती. कुलपाच्या हातावर, तेव्हा पट्टी होती तिथे, आता माझ्या नखांचे पांढरे वण होते. ते मी पाहिले आणि तिनंही मी पाहताना पाहिलं.

घंटा झाली. मुंगीनं टेपचं टोक मुठीत धरलं होतं, ते सोडायला ती तयार नव्हती. कुलपानं तिची बोटं हळूच सोडवली आणि टोक गजांतून माझ्याकडे दिलं. पोरगी पळत गेली. तिचा स्कर्ट, सकाळीच बदलून घेतलेला, कागदात गुंडाळून कुलपानं माझ्या हातात ठेवला.

मी तिथेच कागद उघडला आणि खालची दुमड उलटून पाहिली. शिवताना मी तिच्यासाठी भरपूर कापड आत ठेवलं होतं, दोन वर्षं पुरेल म्हणून. आता ते सगळं सोडावं लागणार होतं.

"एवढ्यानं होईल," मी म्हटलं. "पण याच्या पुढे यात कापड नाही. पुढच्या खेपेला नवा शिवावा लागेल. त्याला नुसती उंची पुरत नाही. कंबर, घेर, सगळं घ्यावं लागतं. पोरगी समोर उभी लागते, मध्ये गज चालत नाहीत."

कुलपानं फाटक्या कोपरावरची धूळ झटकली. रस्त्यापलीकडे माझ्या दुकानाकडे, अर्ध्या शटरकडे बघितलं.

"बघू," ती म्हणाली, आणि कडी तपासून आत वळली.